दिवाणांच्या कोटाचं भोक

१

कोट गेला होता. कपाट जागेवर, कपाटाचं कुलूप जागेवर, किल्लीसुद्धा नेहमीच्या खिळ्याला. आणि चोपन्न वर्षं घरी डांबराच्या गोळ्या घालून जपलेला आणि आजच्या खटल्यासाठी इथे आणून ठेवलेला, पाठीला भोक पडलेला दिवाण त्रिंबकराव हळब्यांचा बनातीचा कोट तेवढा नव्हता.

डिसेंबर १९५७ मधला दुसरा रविवार. मुलुंडच्या वाचनालयाच्या चिटणीस कुंदा दिघे सकाळी नऊ वाजता कपाटापुढे उभ्या होत्या आणि त्यांना रडू येण्याऐवजी हसू येत होतं. कुंदाताई शाळेत भूगोल शिकवायच्या. वीस वर्षं मुलांनी हरवलेल्या वह्या शोधून देता देता त्यांना हरवण्याचीच गोडी लागली होती. वस्तू हरवली की त्यांची तब्येत सुधारते, असं त्यांच्या आईचं मत होतं.

संध्याकाळी पाच वाजता वाचनालयाच्या अंगणात अभिरूप न्यायालय भरायचं होतं. जुना गाजलेला खटला नव्याने चालवायचा, खरे-हौशी वकील, खोटं कोर्ट, आणि निकाल ऐकायला सगळं मुलुंड. या वर्षीचा खटला माणगिरी संस्थानच्या दिवाणांच्या खुनाचा. १९०३ साली त्रिंबकराव खुर्चीच्या डोलीत बसून चाफेघाट उतरत होते. डोलीच्या मागे त्यांचा शिपाई लवू हवालदार बंदूक घेऊन चालत होता. पुढे, घाटाच्या खालच्या वळणावर, राजेसाहेबांचे मेहुणे शिकारीच्या निमित्ताने बंदूक घेऊन बसले होते. बार झाला, दिवाण गेले. दोन्ही बंदुका उडालेल्या सापडल्या. लवू म्हणाला, मी मागाहून झाडीत बार काढला. मेहुणे म्हणाले, मी सांबरावर झाडली. पण कोटाचं भोक पाठीवर होतं. मागच्याने मारलं हे पोरालाही कळावं. मागचा लवू काळ्या पाण्यावर गेला आणि तिथेच मेला. पुढचे मेहुणे वर्षभरात माणगिरीचे दिवाण झाले.

"कुंदाताई, हा कट आहे कट!" दिवाणांचे नातू, वकील श्यामसुंदर हळबे, धोतराचा सोगा सावरत ओरडले. संध्याकाळी सरकारपक्ष तेच मांडणार होते. "आणि हा बघा इशारा. खुनाची धमकी आहे!"

कोटाच्या रिकाम्या कप्प्यात विड्याचं एक हिरवंगार पान होतं. पानावर एक सुपारी आणि चार दाणे तांदूळ.

२

आरोपीच्या बाजूने उभा राहणार होता जयवंत. विमा कचेरीतला हा उमदा पोरगा गेले तीन आठवडे लवूसाठी जिवाचं रान करत होता. हळब्यांनी साहजिकच पहिलं बोट त्याच्याकडे दाखवलं. त्यातून गडी आला तो काखेत मोठं गाठोडं दाबून, आणि कुणी हात लावू गेलं की मागे सरकायचा.

"सोड ते गाठोडं," कुंदाताई म्हणाल्या.

"ताई, प्लीज. इथे नको ना."

"जयवंत!"

गाठोड्यातून वकिलाचा काळा झगा निघाला. बारकाईने पाहिल्यावर त्याच्या काठाला जर दिसली. मावशीची पैठणी काळ्या रंगात बुडवून बायकोने रात्रीत शिवला होता, आणि मावशीला अजून पत्ता नव्हता. हळबेसुद्धा हसले, मग आपण रागावलो आहोत हे आठवून गप्प झाले.

"आणि मी कोट चोरून काय करू, सांगा ना," जयवंत म्हणाला. "डॉक्टरच्या कागदावर पाठ लिहिलीय. कोट असो की नसो, माझी वाट लागलेलीच आहे. माझा एकच साक्षीदार, तोही तेव्हा कोर्टात खोटा पडलेला."

"कोण रे?"

"गुणाजी. दिवाणांच्या डोलीचा भोई. आज चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे, पण टकाटक. विक्रोळीला कारखान्यामागच्या चाळीत, शेवटच्या खोलीत राहतो. त्याने शपथेवर सांगितलं होतं की गोळी पुढून आली. न्यायाधीशांनी निकालात लिहिलं, हा माणूस धडधडीत खोटं बोलतो. गावात त्याचं नावच पडलं खोटा गुणाजी. लग्नकार्यात पंगतीला बसला की पोरं चिडवायची. शेवटी गाव सोडलं त्याने."

"या भोयाला मी पाच मिनिटांत पुन्हा खोटा पाडतो," हळबे म्हणाले. "काल संध्याकाळी इथेच तालीम केली मी. कोट उचलायचा, भोकात बोट घालायचं आणि विचारायचं, गुणाजी, हे काय आहे?"

"मोठ्याने केलीत तालीम?"

"वकील हळू आवाजात तालीम करतो का?"

कुंदाताईंनी पान उचलून हुंगलं. धमकी देणारा माणूस तांदूळ कशाला ठेवेल? हे तर गाऱ्हाणं होतं. कोकणातला माणूस दुसऱ्याच्या, त्यातून मेलेल्याच्या वस्तूला हात लावण्याआधी पानसुपारी ठेवतो आणि चुकलंमाकलं पदरात घे म्हणून सांगतो. चोराने चोरी करताना क्षमा मागितली होती. हळब्यांच्या घरात पान जेवणानंतर खातात, एवढाच त्यांचा पानाशी संबंध. जयवंत मूळचा नाशिकचा. मग काल संध्याकाळी, तालीम चालू असताना, वाचनालयात आणखी कोण होतं?

त्यांनी सभासदांचं रजिस्टर काढलं आणि बोट फिरवत फिरवत एका पत्त्यावर थांबवलं. विक्रोळी, कारखान्यामागची चाळ, शेवटची खोली. नाव होतं सुगंधाचं. दर शनिवारी येऊन पुस्तकांना चिठ्ठ्या डकवणारी, कधी कुणाला उलट शब्द न बोलणारी सुगंधा.

३

दार सुगंधानेच उघडलं. कुंदाताईंना पाहताच तिने पदराचं टोक तोंडात धरलं, आणि दोघींनाही पुढचं काही बोलायची गरज उरली नाही. खाटेखालच्या ट्रंकेतून तिने आजीच्या जुन्या नऊवारीत गुंडाळलेला कोट काढला.

"उद्या परत ठेवणार होते, ताई. देवाशपथ. आजचा दिवस फक्त जाऊ दे म्हटलं. ते हळबे वकील सगळ्यांपुढे भोकात बोट घालून आजोबांना..."

"खंय व्हता ह्या?" आतून आवाज आला. उंच, काटक म्हातारा दारात उभा होता. दोन्ही खांद्यांवर दांड्याने पडलेले घट्टे सदऱ्यातूनही दिसत होते. "चोरी केलंस? माझ्यासाठी? चेडवा, चोपन्न वर्सां माका लोक खोटो म्हणतत. चोराचो आजो कोण म्हणूक नव्हतो, तां तू केलंस."

सुगंधा मुसमुसू लागली. म्हाताऱ्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. कोट मात्र त्याने स्वतः घडी घालून कुंदाताईंच्या हातात दिला.

"मी येतलंय संध्याकाळी," तो म्हणाला. "मराच्या आदी कोणीतरी माका नीट इचारूक व्हया."

चहा झाला. कुंदाताईंनी विचारायचं म्हणून विचारलं, आणि गुणाजीने चोपन्न वर्षं घोळवून गुळगुळीत झालेली हकिगत एका दमात सांगितली. डोलीला चार भोई, दोन पुढे, दोन मागे. तो पुढचा, उजव्या अंगाचा. उन्हं कलली होती, सूर्य थेट डोळ्यांत. खाली वळणावर झाडीत धूर दिसला आणि बार ऐकू आला. "फुडसून इली गोळी. ह्या डोळ्यांनी धूर बघलंय. मगे मी मागे वळान बघलंय, तर सायबाची पाठ लाल झाल्ली."

"हे असंच सांगितलंत कोर्टात?"

"अगदी आसाच. पाठ म्हटल्यार वकील हसलो. म्हणता, बघा, ह्येचा तोंडच सांगता गोळी मागसून इली."

कुंदाताई हळहळल्या. बिचाऱ्याने आपल्याच तोंडाने लवूला काळ्या पाण्यावर धाडलं होतं. गोळी पुढून आली म्हणतो आणि पाठ लाल झाली म्हणतो. यातलं एक खोटं असणारच. हा प्रेमळ, ताठ म्हातारा संध्याकाळी पुन्हा त्याच खड्ड्यात पडणार या विचाराने त्यांचं मन खट्टू झालं.

दोघांना बरोबर घेऊन त्या स्टेशनाकडे निघाल्या. गुणाजी पुढे, त्या चार पावलं मागे. वाटेत म्हातारा "येतास मा?" म्हणत वळला, आणि कुंदाताई रस्त्याच्या मधोमध थबकल्या. मागून येणाऱ्या सायकलवाल्याने त्यांना मुंबईच्या खास शब्दांत आशीर्वाद दिला, तोही त्यांनी ऐकला नाही.

पुढे चालणारा माणूस मागे वळतो तेव्हा त्याला मागच्याचं तोंड दिसतं. छाती दिसते. पाठ कशी दिसेल?

४

प्रश्न तोंडावर आला होता, पण कुंदाताईंनी तो गिळला. आत्ता विचारला आणि उत्तर मिळालं, तर हळबे म्हणणार साक्षीदार पढवून आणला. आणि उत्तर मिळालंच नाही तर? तर म्हातारा भर अंगणात कायमचा खोटा ठरणार, तेही त्यांच्यामुळे. शेवटी त्यांनी जयवंतला एका चिठोऱ्यावर प्रश्न लिहून दिला आणि बजावलं, "सगळं संपल्यावर हा एकच विचार. उत्तर मलाही माहीत नाही."

"ताई, उत्तर माहीत नसलेला प्रश्न वकिलाने विचारू नये म्हणतात."

"तू कुठे वकील आहेस? तू विमावाला. विचार."

अंगण गच्च भरलं होतं. न्यायासनावर निवृत्त मॅजिस्ट्रेट माणिकराव कर्णिक बसले होते. त्यांचं वजन न्यायखात्यात प्रसिद्ध होतं आणि ते केवळ अधिकाराचं नव्हतं. कोट परत मिळाला, चोर कोण ते मी हळबे वकिलांना निकालानंतर खाजगीत सांगेन, एवढंच कुंदाताईंनी जाहीर केलं. सुगंधा शेवटच्या रांगेत मान खाली घालून बसली.

हळब्यांनी झकास सुरुवात केली. लवूचा जबाब त्यांनी नाट्यमय आवाजात वाचून दाखवला. "ऐका, हा मारेकरी काय म्हणतो! 'बार होण्याआधी दिवाणसाहेब माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, दमलास काय रे लवू?' डोलीच्या मागून चालणाऱ्याला साहेबांचं हसू दिसलं! माझ्या आजोबांना पाठीला तोंड होतं काय?"

लोक खदखदून हसले. मग त्यांनी कोट उचलला, भोकात बोट घातलं आणि गुणाजीसमोर ते वळवळवलं. "हे काय आहे?"

"भोक."

"कुठे आहे?"

"पाठीर."

"आणि गोळी?"

"फुडसून इली," गुणाजी म्हणाला. पुन्हा हशा पिकला. म्हाताऱ्याचे कान लाल झाले, पण मान खाली गेली नाही. हळबे विजयी मुद्रेने खाली बसले. पाच मिनिटंही लागली नव्हती.

जयवंत उठला. झग्याच्या काठाची जर दिव्यात चमकली आणि पहिल्या रांगेतली त्याची मावशी डोळे बारीक करून बघू लागली. त्याने चिठोरं उलगडलं.

"गुणाजीबाबा, तुम्ही डोलीच्या पुढच्या दांड्याला होता. वळून पाहिलंत तर साहेबांची छाती दिसायला हवी. तुम्हाला पाठ कशी दिसली?"

गुणाजी जयवंतकडे बघत राहिला, एखाद्या खुळ्या पोराकडे बघावं तसा.

"आता काय सांगूचा!" तो म्हणाला. "उतार व्हतो मा? उतारार डोली फिरवतत. बसणाऱ्याचा तोंड वर घाटाकडे करतत. नायतर तो घसरान तोंडार पडतलो. सायबाची पाठ आमच्याकडेच व्हती."

५

"हरकत!" हळबे उडालेच. "चोपन्न वर्षांनी हे नवीन कुठून आलं? तेव्हा का नाही सांगितलं?"

"कोणी इचारल्यानच नाय," गुणाजी साधेपणाने म्हणाला. "आणि सांगूचा काय त्यात? सगळ्यांक म्हायत आसता."

"मला नाही माहीत!"

"तुमी डोली खांद्यार कधी घेतलास?"

न्यायमूर्ती कर्णिकांनी हातोडा म्हणून ठेवलेला वरवंटा आपटला. "प्रत्यक्ष प्रयोग होऊ दे," ते म्हणाले, आणि पुढे काय होणार याचा विचार न करता त्यांनी जोडलं, "मी स्वतः बसतो."

मांडवाचे दोन बांबू सोडून कर्णिकांच्या खुर्चीला दोन्ही अंगांनी बांधले. गुणाजीने गाठी तपासल्या. पुढे जयवंत आणि हळबे, मागे व्यायामशाळेचे दोन मल्ल. व्यासपीठाला मागच्या बाजूने सामान चढवायला फळ्यांचा उतार होता, तो पुढे आणून लावला. कर्णिकसाहेब समोर तोंड करून निघाले. पहिल्या फळीवर त्यांचे डोळे मोठे झाले, दुसऱ्या फळीवर त्यांनी हळबे वकिलांची शेंडी धरली, आणि तिसऱ्या फळीला न्यायसंस्था खुर्चीतून सुटून थेट सरकारपक्षाच्या पाठीवर विसावली.

लोक बाकांवर उभे राहून हसत होते. गुणाजी हसला नाही. त्याने काम मनापासून करायला घेतलं होतं. "आता फिरवा," तो म्हणाला. खुर्चीचं तोंड व्यासपीठाकडे, पाठ उताराकडे. कर्णिक पुन्हा बसले, त्यांचं सगळं वजन खुर्चीच्या पाठीवर आलं, आणि डोली कशी सरळ, झोके न घेता, खाली उतरली. खाली पोचल्यावर साहेबांनी चक्क पाय पसरले.

"हळबे," ते वरूनच म्हणाले, "मागे वळून बघा. माझं काय दिसतं तुम्हाला?"

हळबे वळले. "पाठ," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम साधा झाला.

कुंदाताईंना आता राहवेना. त्या उठल्याच. "म्हणजे कोटही खरा आणि गुणाजीबाबाही खरे. गोळी पाठीतच लागली आणि पुढूनच आली, कारण दिवाणांची पाठ पुढे होती. आणि लवूसुद्धा खरा! मागून चालणाऱ्या लवूला साहेबांचं तोंड दिसत होतं, म्हणूनच त्याला ते हसताना दिसले. त्याने गोळी झाडली असती तर भोक छातीवर पडलं असतं. उरले कोण? खालच्या वळणावर बंदूक घेऊन बसलेले मेहुणे. चोपन्न वर्षं तिघं खरं सांगत होते आणि तिघांना एकमेकांविरुद्ध उभं केलं, कारण तो न्यायाधीश घाट घोड्यावरून उतरत असणार. ज्यांना माहीत होतं त्या राजवाड्यातल्या माणसांना बोलायचं नव्हतं, आणि भोयाला वाटलं, यात सांगण्यासारखं काय आहे!"

कर्णिकांनी डोलीतूनच निकाल दिला. लवू हवालदार निर्दोष. "आणि १९०३ साली या साक्षीदाराबद्दल जे लिहिलं गेलं, ते मी या खोट्या कोर्टातून खोडतो. खरं कोर्ट आता नाही, संस्थानही नाही. तेव्हा आमचंच चालवून घ्या. गुणाजी भोई खरं बोलला."

टाळ्या थांबेनात. सुगंधा रांगा तुडवत पुढे आली आणि आजोबांच्या गळ्यात पडून ओक्साबोक्शी रडू लागली, म्हातारा मात्र लोकांना सारखा विचारत होता, "काय म्हटल्यान? परत सांगा, काय म्हटल्यान?" लोकांनी त्याला तीन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी त्याने डोळे पुसले.

हळबे कोट हातात घेऊन आले. कुंदाताईंनी त्यांना बाजूला नेऊन चोर सांगितला. त्यांनी सुगंधाकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं. "आजोबांनंतरचे दिवाण म्हणून आमच्या घरात त्या मेहुण्यांचा फोटो दिवाणखान्यात आहे, कुंदाताई," ते म्हणाले. "दसऱ्याला त्याला हार घालतो आम्ही. पोरीने काय चोरलं हो? आजच्या दिवसाची अब्रू वाचवायला निघाली होती. जाऊ दे." मग ते म्हाताऱ्यापाशी गेले आणि सगळ्यांदेखत वाकून त्यांनी त्याच्या पायांना हात लावला. गुणाजी एवढा गोंधळला की त्याने वकिलांनाच उलट नमस्कार केला.

कुणीतरी ओरडलं, बाबांना स्टेशनापर्यंत डोलीतून! म्हातारा मागे मागे सरकू लागला. "छ्या, छ्या! मी भोई. मी कधी बसलंय नाय."

"कधीच नाही?" जयवंतने विचारलं.

"माका कोण उचलतलो?"

"मी," हळबे म्हणाले आणि कोट सुगंधाच्या हातात देऊन त्यांनी दांडा खांद्यावर घेतला.

गुणाजीला धरून बसवावंच लागलं. तो खुर्चीच्या कडेला अंग चोरून बसला, दोन्ही हात मांडीवर, पाय कुठे ठेवावेत ते न कळून. डोली उचलली गेली तसा तो "अरे, अरे" म्हणाला. अंगणातून फाटकापर्यंत लोक टाळ्या वाजवत बरोबर चालले. फाटकाबाहेर रस्त्यावर उतरायला सात पायऱ्या होत्या. हळब्यांनी पहिल्या पायरीवर पाऊल टाकलं मात्र, आणि चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा खुर्चीत ताठ बसून सगळ्या मुलुंडला ऐकू जाईल अशा आवाजात गरजला,

"वकीलसायब, थांबा! उतार इलो. फिरवा माका!"

आणि हळबे वकिलांनी डोली फिरवली.